वायर मीच लावली होती

माझा दादा फार बोलत नाही. आमच्या घरातलं सगळं बोलणं माझ्याच वाट्याला आलं असावं. मी कपडे शिवते, दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालते आणि उरलेली हुज्जत घरी येऊन पुरी करते. दादा ऐकून घेतो. तेवीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यातली चौदा एकाच जोडीदाराबरोबर. त्याला सगळे लांबू म्हणत. आमच्याकडे आला की दारात वाकायचा आणि म्हणायचा, "ताई, एक तर चौकट वाढवा, नाहीतर मला खालून थोडा कापा." मी म्हणायची, "कात्री हातातच आहे." आता हा विनोद आम्ही दोघंही करत नाही.

या दोघांची कामाची एक पद्धत होती, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. लिफ्टचं दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. पण दुरुस्ती करताना दार उघडं ठेवून ती हलवून बघावी लागते, म्हणून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, लिफ्टच्या विजेच्या पेटीमध्ये बोटभर वायर जोडतात. त्यामुळे लिफ्टला वाटतं दार लागलेलंच आहे. काम संपलं की ती वायर काढायची. मग दुसऱ्या माणसाने स्वतः वर जाऊन पेटी बघायची आणि वहीत 'तपासले' म्हणून सही करायची, असा कंपनीचा नियम. पण वर जायला उभी लोखंडी शिडी, आणि दादाचे गुडघे कधीचेच गेलेले. त्यामुळे लांबू वर जायचा, वरूनच ओरडायचा, "झालं रे," आणि दादा खाली वॉचमनच्या खोलीत बसून सही करायचा. लांबूच दादाला सांगायचा, "तू कशाला चढतोस? मी आहे ना." प्रेमाने सांगायचा. मी कितीदा तरी म्हटलं होतं की गुडघे दाखवून घे. ऐकेल तर शपथ.

एका इमारतीत लांबू वायर काढायला विसरला. दिवसाला अकरा लिफ्ट, डोकं ठिकाणावर राहणार कसं. आठ दिवसांनी दोघं तिथेच पुन्हा गेले. लांबू चौथ्या मजल्यावर लिफ्टमध्ये पाय टाकत होता, तेवढ्यात वरून कोणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट दार उघडं असतानाच वर निघाली. त्याचा डावा पाय गेला. गुडघ्याखाली काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांनी दादाला चौकीवर बोलावलं. वहीत त्याची सही होती ना. मी पोचले तेव्हा तो बाकावर बसला होता आणि शेजारी कंपनीचे साहेब. साहेब हळू आवाजात समजावत होते, "तुम्ही जे झालं ते लिहून द्या. आम्ही तुम्हा दोघांनाही वाऱ्यावर सोडणार नाही." हवालदारही चांगलाच बोलत होता, चहा मागवला होता. दादाने मला बाजूला घेतलं.

"छोटे, एखाद्या वकिलाला विचारू का आधी?"

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. त्या दिवशी माझी एका शाळेच्या गणवेशांची ऑर्डर जायची होती, दीडशे सदऱ्यांपैकी शेवटच्या विसांना काजं करायची राहिली होती, आणि माझं डोकं तापलं होतं. मी म्हणाले, "वकील कशाला? तू काय चोरी केलीस? लिहून दे, सही कर आणि चल घरी."

त्याने लिहून दिलं. घरी येताना रिक्षात मी विचारलं, काय लिहिलंस? तो म्हणाला, "वायर मीच लावली होती आणि मीच काढायची विसरलो, असं लिहिलं."

मी रिक्षातच त्याच्यावर तोंड सोडलं. तो बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाला, "लांबूची चूक ठरली तर त्याला भरपाई कोण देईल? त्याचा पाय गेलाय. माझं काय, चार शब्द ऐकून घेईन."

वकीलबाईंकडे आम्ही गेलो ते महिन्याने, खटल्याचं बोलावणं आल्यावर. बाई वयाने माझ्याएवढ्याच, चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचायची सवय. दादाचा जबाब त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "भाऊ, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, तुम्ही त्यांची एकत्र गाठ मारलीत. पोलिसांचं प्रकरण तुमचं. तिथे 'वकिलाशी बोलून सांगतो' एवढं म्हणून तुम्हाला गप्प बसता आलं असतं. तो तुमचा हक्क होता. आणि भरपाईचं प्रकरण तुमच्या मित्राचं. तो कामावर जखमी झाला. वायर तो स्वतः विसरला असता तरी त्याला दावा करता आला असता. उलट आपणच कंपनीला विचारलं असतं, दोन माणसांना अकरा लिफ्ट का? वर तपासायला तिसरा माणूस का नाही?"

"आणि आता?" मी विचारलं.

"आता कंपनी म्हणणार, आमचा नियम चोख होता, आमच्या माणसाने तो मोडला, आणि बघा, तो स्वतः कबूल करतोय. दावा बुडत नाही, पण रेंगाळेल."

म्हणजे ज्याच्यासाठी दादाने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, त्याच्याही वाटेत तो धोंडा जाऊन पडला होता. दादाचा चेहरा मला बघवेना. बाईंनी विचारलं, "पण सही करायच्या आधी कोणाला विचारलं का नाही?"

मी खाली बघितलं. दादा म्हणाला, "सुचलं नाही."

मी ते तसंच राहू दिलं. मी, जी कोणाचं ऐकून घेत नाही, ती.

दादाने काय लिहून दिलंय ते लांबूला कळलं तेव्हा तो कुबड्या घेऊन कोर्टात आला. उभा राहून म्हणाला, वायर मी लावली होती, हा तर वरती चढतच नाही. कंपनीच्या वकिलाने एवढंच विचारलं की मग यांनी तसं लिहून का दिलं, आणि तुमची मैत्री किती वर्षांची? चौदा, लांबू म्हणाला. न्यायाधीशांना वाटलं, मित्र मित्राला वाचवतोय. खरं बोललेलं असं वाया गेलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. दादाला तुरुंग झाला नाही, पण लिफ्टच्या कामाचा परवाना गेला. भरपाईसाठी लांबूला आणखी थांबणं जमेना. कंपनीने जी थोडीफार रक्कम पुढे केली ती घेऊन त्यानेही एका कागदावर सही केली, दावा सोडल्याच्या.

आता दादा एका इमारतीच्या दारावर वॉचमन आहे. लिफ्टवाले येतात तेव्हा वही त्याच्याच खोलीत असते. ते काम उरकून खाली आले की दादा वही देत नाही. त्यांना बसवतो, शिडी चढून जातो, पेटी बघतो, मग देतो. ते हसतात, म्हाताऱ्याला खूळ लागलंय म्हणतात. गुडघ्यांना मी तेल लावून देते.

परवा तेल लावताना मी शेवटी बोलले. दोन वर्षांनी. "दादा, वकीलबाईंना तू सांगितलं का नाहीस? तू विचारणार होतास. मीच नको म्हटलं."

त्याने तेलाची वाटी माझ्याजवळ सरकवली. मग म्हणाला, "तुझे ते गणवेश वेळेवर गेले होते ना?"

गेले होते. त्याच संध्याकाळी मी स्वतः पोचवले. शाळेला सुट्टी लागली होती, शिपायाने गठ्ठा घेतला आणि कपाटावर टाकला. महिनाभर तो कोणी सोडलाही नाही.

"हो," मी म्हणाले, "वेळेवर गेले."

"मग झालं," दादा म्हणाला, आणि दुसरा गुडघा पुढे केला.