निफाडच्या जीपसाठी आणलेलं इंजिन

इंजिन चेनपुलीला लटकत होतं आणि मी खाली बसून त्याचं चेंबर खोलत होतो. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाला बसवलेली ऑइलची परात. जागा निफाडजवळची, सुभाषराव नावाच्या द्राक्षबागायतदाराची शेड. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं गॅरेज पंचवटीत होतं, पण काम घरीच, डोळ्यांसमोर व्हायला हवं, अशी सुभाषरावांची अट होती.

त्यांची जीप पेट्रोलची. पेट्रोल परवडेना, म्हणून डिझेल इंजिन टाकायचं ठरलं. लोकांना वाटतं, एक इंजिन काढलं, दुसरं ठेवलं, झालं. तसं नसतं. डिझेल इंजिन जड, म्हणून ते ज्यावर बसतं ते रबर आणि ब्रॅकेट नवे. क्लचप्लेट नवी. रेडिएटर मोठा. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट लेथवर कापून घ्यायचा. वर आरटीओत नोंद बदलायची. मी चाळीस हजारांचा अंदाज दिला. सुभाषरावांच्या पत्नी, मंदावहिनी, यांनी यादी नीट वाचली.

"यातलं काय नंतर घेतलं तर चालेल?"

"काहीच नाही, वहिनी."

"मग इंजिनच जरा स्वस्तातलं बघा."

मी बघितलं. बाजारात पंचवीसला असलेलं इंजिन एका भंगारवाल्याकडे अठराला मिळालं. त्यानं कच्ची पावती दिली. पावतीवरचा नंबर आणि इंजिनवर ठोकलेला नंबर एकच होता. मला तेवढं पुरलं.

चेंबर खाली आलं. रॉकेलच्या फडक्यानं मी कडा पुसली आणि हात तिथेच थांबला. बोल्टच्या एका भोकात पितळी बुश होता. बुश म्हणजे झिजलेल्या आट्यांच्या जागी बसवलेली छोटी नळी. ती फिरू नये म्हणून कडेला पंचचे तीन ठोके मारलेले, त्रिकोणात. ते ठोके माझे होते. असा बुश मी आयुष्यात एकाच डिझेल इंजिनला बसवला होता.

ते इंजिन सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या जीपमधलं. ती जीप दीड वर्षापूर्वी पंचवटीतून चोरीला गेली होती.

मी इंजिनच्या नंबरावरचा रंग खरवडला. खाली ग्राइंडरचे ओरखडे होते. जुना नंबर घासून नवा ठोकलेला. मी पाना खाली ठेवला.

"मिस्तरी, काय झालं? गप का बसले?" सुभाषरावांनी विचारलं.

मी सांगितलं. चोरीचं सांगितलं, आणि त्याहून वाईट होतं तेही. जीप गेली तेव्हा त्या व्यापाऱ्यानं, शेठनं, मला विचारलं होतं, किल्लीशिवाय ही गाडी कुणी नेऊ शकतं का? मी ऐटीत म्हणालो होतो, "शक्यच नाही. तिचं किल्लीचं स्विच मीच बसवलंय." किल्ली ड्रायव्हर निंबाकडे असायची. माझ्या त्या एका वाक्यावर निंबा दोन दिवस चौकीत बसला, मार खाऊन आला आणि नोकरीला मुकला. सगळ्यांसारखं मीही धरून चाललो होतो की त्यानंच विकली.

सुभाषरावांनी इंजिनवरचा नंबर बोटानं चाचपला. मग म्हणाले, "रंग मारा वरून. कोणाला कळतंय? आपण काय चोरी केली नाय. पैसे मोजलेत."

खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. चोरीचं इंजिन आणणारा मिस्तरी म्हणून नाव झालं तर गॅरेजचं शटर ओढावं लागणार होतं.

मंदावहिनी दारात उभ्या होत्या. "त्या ड्रायव्हरला लेकरं हायेत का?"

"तीन."

"पुली खाली घ्या," त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी मी आणि सुभाषराव चौकीत गेलो. पोलिसांनी आधी माझाच जबाब चार तास घेतला. मग भंगारवाल्याला उचललं आणि त्यानं इंजिन विकणाऱ्याचं नाव सांगितलं. चौकीत बोलावून घेतलेल्या शेठनं ते नाव दोनदा विचारलं. नाव त्याच्या सख्ख्या भाच्याचं होतं. भाच्यानं डुप्लिकेट किल्ली करून घेतली होती. किल्लीशिवाय जीप गेली नाही, हे माझं म्हणणं खरंच होतं. फक्त किल्ल्या दोन होत्या, आणि ते मी कधी विचारात घेतलं नव्हतं.

इंजिन पुरावा म्हणून जमा झालं. सुभाषरावांचे अठरा हजार बुडाले. पेट्रोलचं जुनं इंजिन मी मजुरी न घेता परत बसवून दिलं.

मग सटाण्याला गेलो. निंबा मार्केटमध्ये कांद्याच्या गोण्या उचलत होता. खांद्यावरची गोणी खाली न ठेवता त्यानं माझं ऐकलं.

"आते सांगीसन काय फायदा, मिस्तरी?" तो म्हणाला, आणि ट्रककडे चालू लागला. शेठनं त्याला परत बोलावलं होतं. तो गेला नाही.

त्यानंतर जुनं इंजिन घेताना मी आधी गाडीचे कागद मागतो, भाव नंतर विचारतो. आणि हे कोणी केलं असेल, असं कुणी विचारलं, तर सांगतो, मला गाडीतलं कळतं, माणसांतलं नाही.