विकणे आहे : शिडाचं जहाज, मुक्काम वाशी

जगात समुद्र नसता, तरी माझ्या मामेसासऱ्यांनी जहाज घेतलंच असतं. समुद्र ही त्यांच्या दृष्टीनं जहाजाबरोबर लागणारी एक किरकोळ वस्तू. ती नंतर सवडीनं बघता येते. मामा राहतात धाराशिव जिल्ह्यात, वाशीला. तिथून खारं पाणी बघायचं तर सगळा देश ओलांडून सह्याद्री उतरावा लागतो. पण असले विचार करणारी माणसं दुकानात जाऊन नव्या कोऱ्या वस्तू घेतात. मामांनी आयुष्यात नवी वस्तू घेतलेली नाही. दुसऱ्यानं वापरून सोडलेल्या वस्तूला अनुभव असतो, असं त्यांचं ठाम मत. "जावईबापू, नवा पंखा म्हंजे शिकाऊ डॉक्टर," ते मला म्हणाले होते. "जुन्यानं उन्हाळे बघितलेले असत्यात."

त्यामुळे त्यांच्या बैठकीत बंद पडलेल्या थेटरातल्या, नंबर घातलेल्या खुर्च्या आहेत आणि पाहुण्यानं मनाला येईल तिथं बसलेलं मामांना खपत नाही. मधोमध न्हाव्याची जुनी खुर्ची, ती मानाची. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला तिच्यात बसवलं आणि मामांनी प्रेमानं कसलीशी कळ दाबली. तो सगळा चहा मी छताकडं बघत, आडवा पडून प्यायलो. फ्रीज म्हणजे आइस्क्रीमच्या गाडीवरची पेटी. झाकण उघडलं की अजून ती गाणं वाजवते, त्यामुळे मामींनी कोथिंबीर काढली की गल्लीतली पोरं दारात जमतात. मामी हे सगळं सोसत आल्या. "माणूस तेवढा पहिल्या हाताचा मिळाला, नशीब माझं," असं त्या म्हणत आणि मामा ते कौतुक समजत.

जहाजाचं असं झालं, की मामा कोकणात गेले होते उसाच्या चरकासाठी जुनं डिझेल इंजिन बघायला. इंजिन मिळालं, आवाज पसंत पडला, पण ते होतं एका शिडाच्या जहाजाच्या पोटात. "मालक सुटं द्यायला तयार न्हाय," मामांनी मला नंतर समजावून सांगितलं. "मग म्या म्हणलं, राहू द्या त्याच्याभोवतीचं बी." त्या भोवतीच्यात डोलकाठी होती, शिडं होती, झोपायच्या फळ्या होत्या, छोटी चूल होती आणि वर काचेची एक बंद खोली होती. वारापावसात माणसानं त्या खोलीत कोरडं बसून सुकाण फिरवायचं. तिला पायलटहाऊस म्हणतात. मामा 'पायलटचं घर' म्हणायला लागले आणि मामांकडं विमान चालवणारा भाडेकरू आलाय, ही बातमी दोन तालुक्यांत पसरली.

जहाज ट्रेलरवरून वाशीत शिरलं तेव्हा बायकांनी हळदकुंकू वाहिलं आणि एका म्हाताऱ्यानं ते कुठल्या देवाचं आहे ते विचारलं. अंगणात टेकू लावून ते उभं केलं. बुडाखाली माशाच्या पंखासारखा जाड लोखंडी कणा होता; तो बघून गवंड्यानं "पाया चांगला घेतलाय" असा शेरा मारला. चरक आणि इंजिन दोन्ही विषय मागं पडले. मामा रोज सकाळी शिडी लावून वर जायचे आणि काचेच्या खोलीत सुकाणाला पेपर टेकवून वाचायचे. रस्त्यानं जाणारा कुणीतरी हटकून ओरडायचा, "मामा, कुठवर आलाव?" मामा खिडकी सरकवून खाली बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "बार्शी ओलांडली."

मामींचा संयम सुटला तो कुरडयांवरून. अंगणातलं सगळं ऊन जहाजानं खाल्लं होतं. सावलीत घातलेल्या कुरडयांना बुरशी आली. मामींनी त्या गोळा केल्या, शिडीवरून वर चढून सुकाणावर ओतल्या आणि पिशवी भरून लेकीकडं सास्तूरला निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "हे धूड दारात हाय तवर म्या वाशीचं पाणी पिणार न्हाय."

आठवडाभर मामांनी बेफिकिरी दाखवली. मग मला फोन आला. आवाज बसलेला होता. "जावईबापू, पिठलं घट्ट झालं तर काय करायचं असतं?" मी म्हटलं, पाणी घाला. "आता ताट उलटं केलं तरी पडंना झालंय." मग म्हणाले, "इकून टाकू जहाज. पर माणूस बघून द्यायचं." मी वाशी गाठली आणि मोबाइलवर जाहिरात टाकली. मामांनी डोलकाठीला पाटी बांधली आणि चौकशीला माणसं येऊ लागली.

मामींवाचून घर रिकामं होतं, पण मामांच्या मनात जहाजच भरलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकांची जी उलटतपासणी झाली ती बघवत नव्हती. हायवेवरच्या एका धाबेवाल्याला त्यात फॅमिली रूम काढायची होती. "समुद्र कुठाय तुमचा?" मामांनी विचारलं. तो म्हणाला, मागं शेततळं आहे. "ह्येच्यात शेवभाजी खाणार लोकं?" असं म्हणून मामांनी त्याला हात जोडले. एका वरबापाला नवरदेवाची मिरवणूक जहाजातून काढायची होती, त्याला उत्तर मिळालं, "परत येताना तुमचा नवरदेव पायी येईल, ह्ये येणार न्हाय." सोनारीच्या एका शेतकऱ्याला शेळ्यांसाठी हवं होतं. त्याच्याशी मामा बोललेच नाहीत, नुसतं पाणी दिलं. तिकडं सास्तूरला रोज फोन जायचा. "येतीस का?" "गेलं का ते?" "गिऱ्हाईक बघायलोय." फोन बंद.

आणि मग दापोलीकडच्या एक दंतवैद्य बाई आल्या. केस पांढरे, गाडी स्वतः चालवत आलेल्या. त्यांनी नमस्कार केला आणि खिशातून छोटी हातोडी काढून जहाजाला बुडापासून ठोकत निघाल्या. मध्येच थांबून कान लावत. मामा तोंड उघडं टाकून त्यांच्या मागं मागं फिरत होते, जणू पाळी त्यांचीच होती. "समुद्र कुठाय तुमचा?" मामांनी चाचरत विचारलं. "घरासमोर," बाई म्हणाल्या. "तुम्हाला पोहता येतं?" मामा म्हणाले, "वाशीत कशाला लागतंय?" बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इतके दिवस कोरड्यावर उभं आहे. तरंगताना बघितल्याशिवाय नेणार नाही."

यंदा पाऊसपाणी चांगलं होतं, गावाबाहेरचा तलाव भरलेला होता. ट्रॅक्टरनं ट्रेलर उतारावरून पाण्यात ढकलला आणि जहाज एकदम हलकं होऊन डुलायला लागलं. काठावर जत्रा जमली होती. मामा फेटा बांधून काचेच्या खोलीत बसले. बाई आणि मी बाहेर डोलकाठीपाशी उभे. त्यांनी मला शिडाची एक दोरी धरायला दिली आणि काहीही झालं तरी सोडू नका म्हणाल्या. वारा नव्हता. काठावरून सल्ले येत होते. एकजण तर बैल जुंपा म्हणाला. एवढ्यात बालाघाटाकडून झुळूक आली, शीड फुगलं आणि मामांचं जहाज चाललं. खरंच चाललं. मामांनी खिडकीतून तोंड बाहेर काढून माझ्याकडं बघितलं आणि फेटा सावरला. मग धप्प आवाज झाला आणि आम्ही थांबलो. बुडाखालचा कणा तलावात गेलेल्या जुन्या शेताच्या बांधात रुतला होता.

काठावर लगेच भांडण लागलं. तो बांध नेमका कुणाचा, यावर दोन चुलतभावांचा जुना वाद होता. पाण्याखाली गेल्यापासून थंडावलेला तो वाद जहाजानं वर काढला. "माझ्या हद्दीत अडकलंय, मला इचारल्याबिगर हलवायचं न्हाय," असं दोघंही ओरडत होते. मासेमारीवाल्याच्या थर्माकोलच्या तराफ्यावरून बाई आणि मी मोठा दोर आणायला काठावर आलो. मामा उतरले नाहीत. "कप्तान सोडून जात न्हाय," एवढंच म्हणाले. कुणीतरी सास्तूरला फोन केला, त्यात 'तलाव' हा शब्द गळाला आणि मामा समुद्रात अडकलेत एवढंच पोचलं.

दुपारी जीप थांबली आणि मामी उतरल्या. चेहरा पांढराफटक. तलाव बघून त्यात रंग परतला आणि मग तो रंग लाल झाला. "उतरा खाली!" त्या काठावरून ओरडल्या. "उतरू कुठं? पाणी हाय," मामांचा आवाज आला. मामींनी पदर खोचला आणि तराफ्यावर बसल्या. मासेवाला वल्हवत होता आणि मामी वाटभर बोलत होत्या. पिठलं, कुरडया, खुर्च्या, आइस्क्रीमची पेटी, सगळा संसार तलावावरून ऐकू येत होता. मामांनी हात देऊन त्यांना वर घेतलं. मग आवाज बंद झाला.

आम्ही दोर बांधला, ट्रॅक्टर लावला, हाका मारल्या. बऱ्याच वेळानं खिडकी सरकली. मामींचा हात बाहेर आला. "थांबा जरा! च्या ठिवलाय!" आत ती छोटी चूल पेटली होती. काचेतून दोघं दिसत होते. मामी बाहेरच्या पाण्याकडं बघत होत्या, चारी बाजूंनी, सावकाश. मामा बशीत चहा ओतत होते. चुलतभावांचं भांडणसुद्धा तेवढ्यापुरतं थांबलं. चहा होईपर्यंत कुणीच ट्रॅक्टर सुरू केला नाही.

एकाच हिसक्यात जहाज सुटलं. कुठं गळत नव्हतं. दंतवैद्य बाईंनी ते त्याच आठवड्यात नेलं. ट्रेलर वळणाआड जाईपर्यंत मामा रस्त्यात उभे होते आणि त्यांच्या शेजारी मामीही. त्यानंतर मामांनी काही जुनं आणलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, बघू.

परवा गेलो तेव्हा बाईंनी पाठवलेला फोटो मामांनी मला दाखवला. सगळा निळा समुद्र, आणि त्यात पांढरं शीड. मामा दोन बोटांनी तो फोटो मोठा करत होते, तो पुन्हा लहान होत होता. "आपल्या दारात केवढं होतं," ते म्हणाले. "किती बारकं दिसायलंय."

मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, त्यांच्या खांद्यावरून वाकून त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाल्या, "लांबून काढलाय ओ फोटो."