कार्डवाल्या शकूअक्का

हातात आलेलं कुठलंही शुभेच्छापत्र शकूअक्का आधी उलटं करून पाहायच्या. जयनगरात त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाडेकरू म्हणून राहायला गेलो, त्या दिवाळीत आमच्या कंपनीचं सोनेरी अक्षरांचं कार्ड मी त्यांना मोठ्या ऐटीत दिलं. त्यांनी ते उलटं केलं, कोऱ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मागं काहीच उमटलं नाही की. देताना मनाचा दाब स्वल्प कमी पडला वाटतं." मग आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चकल्या आणल्या. अपमान आणि फराळ त्या एकाच ताटात वाढत.

अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बंगळूरला आल्या आणि एका कारखान्याच्या नकाशा विभागात तीस वर्षं रेषा ओढत बसल्या. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून कार्डं करायला लागल्या. स्टेन्सिलसाठी त्या जुन्या एक्स-रेच्या फिल्म वापरत. फिल्म धुऊन घ्यायची, पातळ ब्लेडनं तिच्यात पानंफुलं कापायची, ती जाड कागदावर ठेवून स्पंजनं शाई टिपायची आणि शाई वाळली की वरून चकाकीसाठी ग्लेझचे दोन पातळ हात द्यायचे. त्यांचा सगळ्यात देखणा पारिजातक दिवंगत यजमानांच्या गुडघ्याच्या फिल्ममधून कापलेला होता. "जन्मभर कुरकुरला गुडघा. आता तरी फुलं काढतोय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

शनिवारी त्या शिकवायच्या. महादेवपुऱ्याहून आयटीतली माणसं, ट्रॅफिकमध्ये दोन तास मनःशांती घालवून, ती परत मिळवायला त्यांच्याकडे यायची. पहिला अर्धा तास शाईच्या बाटल्यांचे फोटो काढण्यात जायचा. अक्का थांबून राहत. 'बरं'ऐवजी त्या कानडीतलं 'सरी' म्हणत. "झाले फोटो? सरी. मग हात धुवा आणि घरी जा, तुमचं काम झालंय." एका मुलीनं ग्लेझ लवकर वाळावं म्हणून केसांचा ड्रायर आणला, तर कार्डभर फोड आले. अक्कांनी तिला ते कार्ड जपून ठेवायला सांगितलं. ओळखीत कुणाला कांजिण्या आल्या तर उपयोगी पडेल म्हणाल्या.

अक्का या मार्चमध्ये गेल्या. त्यांची खरी ओळख करून द्यायची, तर त्यांच्या शेवटच्या वर्षातली एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि तिच्यात शोभा झाली ती माझी.

आमच्या ऑफिसात तेव्हा माणसं कमी करायचं ठरलं. 'कमी करणं' असं अर्थातच कुणी म्हणत नसे. 'टीम सुटसुटीत करणं' म्हणत. माझ्या टीममधून एक नाव हवं होतं. मी नितीनचं दिलं. नितीन नागपूरचा, कामाला चोख, पण भांडायला न येणारा. निवडीसाठी मला एवढा गुण पुरला. दोनच महिन्यांपूर्वी बायकोला इकडे आणून त्यानं के. आर. पुरमला घर मांडलं होतं. निर्णय वरून आलाय, असं मी त्याला सांगितलं आणि त्याच्या खांद्यावर हातही ठेवला. हात ठेवायला मी आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो.

पुढे मन खायला लागलं, तेव्हा मी सुशिक्षित माणसाला शोभेल असा उपाय शोधला. अक्कांकडून एक छानसं कार्ड करून घ्यायचं. वर पारिजातक, आत 'नव्या वाटचालीस शुभेच्छा'. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि यादीत नाव कुणी दिलं, एवढंच विचारलं. त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.

"नोकरीवरून काढलंस तू, आणि फुलं काढू मी?" असं म्हणून त्यांनी एक फिल्म आणि ब्लेड माझ्यापुढे सरकवलं. "त्याचं नाव काप. तुझा हात बसलाय की."

तीन संध्याकाळी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कापत बसलो. पहिल्या दिवशी 'नि'ची वेलांटी तुटली. दुसऱ्या दिवशी शाई जास्त झाली आणि फिल्मच्या कडेखाली पसरली. अक्का शेजारी शेंगा सोलत होत्या. असलं काम करूनही यादीत तुझं नाव कसं आलं नाही, अशी आपुलकीची चौकशी त्यांनी मधूनमधून केली. तिसऱ्या दिवशी नाव वाचता येण्याजोगं उमटलं. मी आत शुभेच्छा लिहायला पेन उचललं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"शुभेच्छा राहू दे. झालं ते लिही."

दोन ओळी लिहायला मला कापण्यापेक्षा जास्त वेळ लागला. 'यादीत तुझं नाव मी दिलं. निर्णय वरून आला, हे खोटं होतं.' अक्कांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. ग्लेझचे दोन्ही हात त्यांनी स्वतः दिले.

रविवारी मी के. आर. पुरमला गेलो. नितीन भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होता. त्यानं उभ्या उभ्या कार्ड दोनदा वाचलं आणि बायकोकडे दिलं. ती माझ्यासाठी चहा घेऊन आली होती. तिनं वाचलं आणि कप उचलून पुन्हा आत नेला.

"माहीत होतं, सर," नितीन म्हणाला. "एचआरकडून कळलं होतं. तुम्ही कधी बोलता, तेवढं पाहत होतो."

कार्ड त्यानं मला परत दिलं नाही. दारापर्यंत सोडायलाही तो आला नाही.

परत आलो तेव्हा अक्का पायरीवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, चहाचंही. सांगता सांगता माझा आवाज चढला. जाणारा जाणारच होता, मग मला हे करायला लावून काय साधलं, असं मी त्यांना विचारलं.

"तुला बरं वाटलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सरी," अक्का म्हणाल्या. "मग कार्ड त्याचंच होतं."