लांब रेणूचे गुण

बर्फाच्या डब्यात एकच बाटली उरली होती. मेंढ्यांच्या पोटातल्या जंतांपासून काढलेलं प्रोटीन तिच्यात होतं, एका चाचणीपुरतं. ते जंत प्रयोगशाळेतल्या शिपाई मामांनी पेडगावहून, आपल्या भावाच्या कळपातून, गोळा करून आणले होते. मामा डबा धरून उभे होते आणि सर फळ्यावर रेणूंची यादी लिहीत होते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला परभणीच्या पशुवैद्यक कॉलेजात आमच्या विभागाकडे एकच कॉम्प्युटर होता. प्रोटीनला एक खाच असते. औषधाचा रेणू तिच्यात घट्ट बसला की प्रोटीनचं काम थांबतं. कॉम्प्युटर प्रत्येक रेणू त्या खाचेत नाना तऱ्हांनी बसवून बघायचा आणि गुण द्यायचा. दोघांचे अणू जवळ आले की एक गुण, आदळले की दंड. प्रोग्राम सरांनीच लिहिलेला. वीज गेली की सगळं पहिल्यापासून. मी सरांची संशोधक विद्यार्थिनी; वीस रेणूंत माझा हिवाळा संपला होता.

सरांनी पहिल्या नंबरावर सर्वांत लांब रेणू लिहिला. म्हणजे बाटलीतलं प्रोटीन त्याच्यावरच खर्च होणार होतं.

मला चार दिवसांपासून शंका होती. जंतांवर खरोखर चालणारं जुनं औषध मी यादीत घातलं होतं. ते अकरावं आलं. मग एका रेणूला मी उगाचच कार्बनची शेपटी जोडली. गुण वाढले. शेपटी लांबवली, आणखी वाढले. ती खाचेबाहेर प्रोटीनच्या पाठीवर लोळत होती, तरी तिच्या प्रत्येक स्पर्शाला गुण मिळत होता.

सरांनी विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी बोलत नसे. मी तर विचारल्यावरही बोलत नसे.

"सर, बर्फ विरघळायलाय," मामा म्हणाले. "ही वाया गेली तर परत मेंढरं मरायची वाट बघावी लागंल. भाऊ मला आधीच कळपाजवळ येऊ देत न्हाई."

सर हसले आणि त्यांनी बाटली उचलली.

"सर, तो लांब आहे म्हणून पहिला आलाय." मनात इंग्रजीत घोळवलेलं वाक्य मराठीत फारच उघडं वाटलं. मी शेपटीचे कागद पुढे केले.

सरांनी ते दोनदा वाचले. "किती दिवस झाले याला?"

"चार."

"आणि मी फळा भरेपर्यंत गप्प बसलीस. मग कोणता घालू? सांग."

गुणांना अणूंच्या संख्येने भागलं तर सर्वांत छोटा रेणू पहिला यायचा, तेही खोटंच. मी फक्त खाचेतले स्पर्श मोजले होते.

"सातवा."

"खात्री आहे?"

"नाही, सर. पण त्याचे गुण खाचेतले आहेत."

त्यांनी प्रोटीन काचेच्या नळीत ओतलं आणि सातवा घातला. प्रोटीन चालू असेल तर द्रव पिवळा होत जाणार होता. पाच मिनिटं आम्ही तिघं त्या नळीकडे बघत राहिलो. पिवळा रंग आला, पण नेहमीच्या निम्मा.

"अर्धं थांबलं. लिही," सर म्हणाले.

मी लिहिलं. पहिला घातला असता तर काय झालं असतं, हे बघायला बाटलीत काही उरलं नव्हतं.