दोन जीबीचा संसार

ऑफिसातला कॉम्प्युटर म्हातारा आणि साहेब घाईचे असले की किस्से शोधत फिरावं लागत नाही, रोज एखादा आपणहून पदरात पडतो. मी कुरुंद्याजवळच्या एका शाळेत क्लार्क. आमच्या कॉम्प्युटरला मेमरी दोन जीबी. एका वेळी एकच काम उघडायचं, हा माझा नियम. दुसरं उघडलं की स्क्रीन पांढरी, आणि आपण हात जोडून बसायचं!

*

एकदा पगारबिलं भरत होते. मधेच सगळं अडकलं. बघते तर हेडसरांनी मागं भजनाचा व्हिडिओ लावून ठेवलेला.

"सर, हे बंद करावं लागंल. मेमरी पुरत न्हाई."

"अहो, भजनाला कशाची मेमरी? मी नुसतं ऐकून राहिलो!"

त्या महिन्यात सगळ्यांचा पगार लांबला. सर म्हणाले, "देवाची इच्छा!"

*

वॉलपेपरवर संस्थेच्या अध्यक्षांचा भला मोठा फोटो होता. मशीनवरचा भार तेवढाच कमी होईल म्हणून मी तो काढला. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष हजर.

"माझा फोटो कुणी काढला?"

"साहेब, त्यानं मशीन जड चालत होती."

"म्हणजे मी जड झालो काय?"

फोटो परत लागला. आता तर हारासकट!

*

उन्हाळ्यात कॉम्प्युटरचा डबा तापून बंद पडायचा. मी त्याचं झाकण काढून ऑफिसातला एकुलता एक पंखा त्याच्याकडं वळवला. आम्ही घामानं निथळत निकाल भरून राहिलो होतो. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले आणि बसल्या बसल्या पंखा स्वतःकडं फिरवला. जरा वेळात मशीन बंद! अर्ध्या वर्गाचा भरलेला निकाल गेला.

साहेबांनी शेरा मारला, "कर्मचारी वेळच्या वेळी सेव्ह करत नाहीत."

*

मेमरी वाढवून द्या म्हणून वर पत्रांवर पत्रं धाडली. एक दिवस शिपाई भगवानमामा धापा टाकत आले.

"ताई, आली तुमची मेमरी! दोघांनी उचलावी लागली बघा!"

टेम्पोतून बोर्ड उतरला: 'डिजिटल शाळा'.

*

शेवटी नवा कॉम्प्युटरही आला. हेडसरांच्या खोलीत कुलपात बसला, अंगावर प्लास्टिकचं कव्हर.

पाचवीतली मनीषा भलती हुशार. निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायचा होता, आणि त्याला लागणारा दाखला हाती आला तो शेवटच्या दिवशीच. हळद शिजवायचं काम तसंच टाकून तिचे वडील तिला घेऊन आले. मी बाकी सगळं बंद केलं, एकच पान उघडलं. फोटो चढवायला गेले की स्क्रीन पांढरी. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच.

"सर, त्या खोलीची किल्ली द्या!"

"थांबा, अध्यक्षांना विचारतो," म्हणून सर फोन लावत राहिले. पलीकडून कुणी उचलेना.

मुदत संपली. मनीषा दप्तराचा पट्टा पिळत उभी होती. वडिलांनी त्या खोलीच्या काचेतून आत बघितलं.

"सर, नवा तर आत हाय. त्याच्यावर काहून न्हाई भरला?"

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "अहो, असं कसं लावता येईल? त्याचं उद्घाटन व्हायचंय अजून!"