काकूच्या पोस्टचा पत्ता

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी दारव्ह्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवायची. दुपारी मशीन रिकामं असलं की इंटरनेटवरच्या एका मराठी चर्चास्थळावर लिहीत बसायची. तिथे शेतीचा एक विभाग होता. शहरातले लोक पिकांवर भरभरून मतं देत. मी आमच्या गावात दिसायचं ते लिहायची.

एका सप्टेंबरात माझी विधवा काकू क्लासमध्ये आली. तीन एकर ती एकटी कसायची. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागली होती, पण फुलं लागायच्या आधीच पात्या, म्हणजे कळ्या, गळून पडत होत्या. कृषी कार्यालयात तिने दोनदा तोंडी सांगितलं होतं, कोणी लिहून घेतलं नव्हतं. बियाण्याची रिकामी पिशवी तिने माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "तू तरी लिहून ठेव." मी त्या चर्चास्थळावर तिच्याच शब्दांत, तिच्या नावानिशी लिहिलं, पिशवीवरचा लॉट नंबरही टाकला. खाली भरपूर उत्तरं आली, त्यातली निम्मी तिलाच शेती शिकवणारी.

पुढच्या उन्हाळ्यात त्या बियाण्याच्या तक्रारींवर तालुक्याला सुनावणी लागली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी एकच विचारलं, पीक उभं असताना या बाईंनी तक्रार केल्याचा पुरावा काय. मी त्या पोस्टचा इंटरनेटवरचा पत्ता छापून नेला होता. अडीच ओळींचा, प्रश्नचिन्हं आणि टक्क्यांच्या खुणांनी भरलेला. साहेबांनी तो नेटाने टाइप केला आणि समोर लॉगिनचं पान आलं. त्यांनी पुन्हा केला, पुन्हा तेच. मग ते म्हणाले की एकीचं ऐकून दुसरी तक्रार करते, असं नेहमीच होतं. पुढची तारीख मिळाली.

बसस्टँडवर आल्यावर काकू माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्यानं मले खोटी ठरवलं. तुया कागदानं ठरवलं."

ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी तो पत्ता उघडून बसले. माझ्या मशीनवर पान व्यवस्थित उघडत होतं, कारण त्या लांबलचक शेपटीत माझ्याच लॉगिनचा कोड होता. दुसऱ्याला ते दार बंद. मी शेपटीतला एकेक तुकडा खोडत गेले आणि दर वेळी लॉगिन काढून पान तपासत गेले. शेवटी स्थळाचं नाव आणि पोस्टचा पाच आकडी नंबर, एवढंच उरलं. पान उघडलं. नुसतं उघडलं नाही, सगळी चर्चा ओलांडून थेट काकूच्या मजकुरावर थांबलं, वर सप्टेंबरातली तारीख.

मी ते पाटीवर लिहून काकूला दाखवलं. तिला सही आणि आकडे यायचे. तिने नंबर पाठ केला.

पुढच्या तारखेला साहेब आमचा कागद हातात घेईनात. इंटरनेटचं मागच्या तारखेला पाहिलंय, म्हणाले. काकू खुर्चीवरून उठली आणि त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"कागद राहू द्या, साहेब. नंबर मले पाठ हाये. मी सांगून राह्यली, तुम्ही टाका."

खोलीत गावोगावचे लोक बसले होते. स्थळाचं नाव मी सांगितलं, नंबर तिने; साहेबांना टाकावा लागला. पान उघडलं. त्यांनी तारीख पाहिली, लॉट नंबर फाइलशी ताडून पाहिला आणि काकूचं नाव वेळेत तक्रार केलेल्यांच्या यादीत लिहिलं. कंपनीने पुढे सगळा दोष पावसावर ढकलला आणि चौकशी तिथेच विझली. पण काकू खोटी नव्हती, हे साहेबांच्याच शाईत राहिलं.

मग दिग्रसकडचेही लोक माझ्याकडे यायला लागले. त्यांनीही कधी ना कधी त्या चर्चांमध्ये लिहिलं होतं. त्यांच्या पोस्टी हुडकून मी छोटे, हाताने लिहिता येतील असे पत्ते करून देऊ लागले. महिनाभरात क्लासच्या मालकांनी मला बोलावलं. वरून फोन आला होता. जुनं उकरणं थांबव, नाहीतर मशीनला हात लावू नको, असं त्यांनी सांगितलं.

"मी उकरत नाही, सर," मी म्हटलं. "लोक बोलले होते. कुठं बोलले, तेवढं दाखवते."

नोकरी गेली. घरचे आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मी नेरची बस पकडली. तिथल्या सायबर कॅफेत कोपऱ्यातलं मशीन मिळालं, आणि लोकांनी दिलेल्या नावांच्या यादीतलं पहिलं नाव मी शोधायला घेतलं.