वडप्याचं गुळगुळीत तूप

"भेसळच आहे, मॅडम. तुम्ही फक्त सही करा," कौस्तुभ सर म्हणाले. हे वडपे गावातल्या तूप पॅकिंग युनिटचे नवे ऑपरेशन्स हेड. मी बाहेरून बोलावलेली फूड टेक्नॉलॉजिस्ट. टेबलावरच्या बरणीतलं तूप मलमासारखं गुळगुळीत, औषधालाही दाणा नाही. दुकानदारांनी अख्खा लॉट परत पाठवला होता.

समोर याकूबभाई उभे होते. निजामपुऱ्यातले, पॅकिंगचे जुने सुपरवायझर. वनस्पती तूप मिसळल्याचा ठपका त्यांच्यावर होता आणि कामावरून काढल्याचं पत्र टाइप होऊन तयार होतं.

बरण्या भरल्यावर कुठे ठेवता, मी विचारलं. पूर्वी दोन दिवस गोणपाटाखाली, याकूबभाई म्हणाले. आणि आता? याचं उत्तर सरांनी दिलं, छाती फुगवून. शेजारच्या गोडाऊनमधली कोल्ड रूम. दोन दिवसांचं काम चार तासांत. हेड ऑफिसने म्हणे कौतुकाचा मेल पाठवला होता.

मी कपाळाला हात लावला. तूप झटकन थंड केलं की जागोजागी एकदम दाणे धरतात आणि कुणालाच वाढायला जागा उरत नाही. हळू थंड केलं की मोजकेच धरतात, मोठे होतात. दोन दाणे भिडतात तिथे त्यांची रचना जुळत नाही. त्या शिवणीला शास्त्रात दोष म्हणतात. सावकाशीने दोष कमी होतात, पुरते जात नाहीत. गिऱ्हाईक मात्र मोठ्या दाण्यालाच शुद्ध म्हणतं.

लॅबचा रिपोर्ट शुद्ध आला. लॅब चुकू शकते, सर म्हणाले. आपणही चुकू शकतो, हा विचार त्यांनी केलाच नाही. मग त्याच लॉटच्या दोन बरण्यांतलं तूप मी पूर्ण वितळवलं आणि झाकणांवर सरांचीच सही घेतली. एक कोल्ड रूममध्ये, दुसरी गोणपाटात.

दोन दिवसांनी उघडल्या. पहिली गुळगुळीत, दुसरी रवाळ. सरांनी पत्र फाडलं आणि "इश्यू क्लोज" म्हणून मोबाइल उचलला.

"क्लोज न्हाय, साहेब," याकूबभाई म्हणाले. "चोर बोललात ते समद्या लाइनीसमोर. आता चूक झाली ते पन तिथंच बोला."

डिस्पॅचला उशीर होईल, सर म्हणाले. याकूबभाईंनी बाहेर जाऊन कन्व्हेयर बंद केला. पॅकिंगवाल्या सगळ्या बायका हात थांबवून सरांकडे बघत राहिल्या. शेवटी सर "सॉरी" म्हणाले, पण इतकं हळू की याकूबभाईंनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

मी रिपोर्टात एकच शिफारस लिहिली: तुपाला दोन दिवस द्यावेत, आणि कुणाला चोर ठरवायचं असेल तर साहेबांनी स्वतःलाही द्यावेत.